दूध अर्धा कप ठरवा, मग सीरियल मोजा

प्रश्न असा आहे: "रोज सकाळी कधी कॉर्नफ्लेक्स, कधी म्युसली खातो. दूध कमी घातलं तर वरचं कोरडं राहतं, जास्त घातलं तर अर्ध्यावरच लगदा होतो आणि खाऊन झाल्यावर वाडग्यात दूध उरतं. पाकिटावर 30 ग्रॅमला 125 मिली असं लिहिलेलं असतं, पण प्रत्येक सीरियलला तेच माप कसं चालेल? नक्की किती दूध घालावं?"

आधी थेट उत्तर देतो. एका माणसाच्या एका वाडग्याला दूध अर्धा कप, म्हणजे साधारण 125 मिली, आणि हा आकडा जवळजवळ प्रत्येक सीरियलला चालतो. बदलायचं ते सीरियलचं प्रमाण. हलके फ्लेक्स किंवा फुगवलेले दाणे असतील तर एक कप, जड म्युसली किंवा ग्रॅनोला (गोड करून भाजलेले ओट्स) असेल तर अर्धा कप. कुरकुरीत खायचं असेल तर ते दूध एकदम ओतायचं नाही, दोन खेपांत घालायचं. मापाचा कप हाताशी नसेल तेव्हाची खूण सोपी आहे. वाडग्याच्या कडेला टेकलेले फ्लेक्स जागचे हलायला लागले की हात थांबवा, पहिली खेप तिथे पूर्ण झाली.

आता हे का, ते सांगतो. मी अन्नतंत्रज्ञ आहे आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षं सीरियलच्या चाचण्या घेण्यात गेली. आमच्या कामात 'बाउल लाइफ' असा शब्द आहे. दूध पडल्यापासून सीरियल किती वेळ कुरकुरीत राहतं, तो काळ म्हणजे बाउल लाइफ. त्याची चाचणी अशी व्हायची: एकाच आकाराचे पांढरे वाडगे ओळीने मांडायचे आणि प्रत्येकात काट्यावर मोजून 30 ग्रॅम सीरियल घालायचं. दूध फ्रिजमधून काढलेलं, त्यात थर्मामीटर बुडवून बघितलेलं. दूध ओतलं की स्टॉपवॉच सुरू. एका मिनिटाने पहिला चमचा, मग दोन, तीन आणि पाच मिनिटांनी पुढचे. चव कशी आहे हे कोणी विचारायचं नाही. दाताखाली काय झालं तेवढंच लिहायचं: कुरकुरीत, कडेला मऊ पण मध्ये कडक, चिवट, मऊ, लगदा.

या यादीतला 'चिवट' हा शब्द नीट लक्षात ठेवा. कॉर्नफ्लेक्स कुरकुरीत असताना एकदम मऊ होत नाहीत. मध्ये एक टप्पा असा येतो की फ्लेक मोडतही नाही आणि विरघळतही नाही, चामड्यासारखा दातात घोळत राहतो. माझ्या मते खाणाऱ्याला सगळ्यात नकोशी अवस्था हीच. लोक "लगदा झाला" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना हा चिवटपणाच खटकलेला असतो, लगदा त्यानंतर होतो.

कुरकुरीतपणा म्हणजे मुळात मोडण्याचा आवाज. भाजलेल्या फ्लेकमधलं स्टार्च काचेसारखं ताठ असतं. दात पडला की ते वाकत नाही, तडकतं, आणि त्या तडकण्याचा आवाज आपल्याला जबड्याच्या हाडातूनही ऐकू येतो. त्यात पाणी शिरलं की काचेचं रबर होतं. नव्या पाकिटातल्या कॉर्नफ्लेक्समध्ये पाणी साधारण 3 टक्के असतं. ते 10 टक्क्यांच्या आसपास गेलं की कुरकुरीतपणा जवळजवळ संपलेला असतो.

आता एक छोटं गणित करू. 30 ग्रॅम फ्लेक्समध्ये 3 टक्के पाणी म्हणजे 1 ग्रॅमपेक्षाही कमी. ते 10 टक्क्यांवर न्यायला वरून लागतं जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी. म्हणजे अर्धा चहाचा चमचा! आणि आपण ओततो 125 मिली. लागणाऱ्या पाण्याच्या पन्नासपट दूध वाडग्यात असताना ते 150 मिली आहे की 100, याने बुडालेल्या फ्लेकला काहीच फरक पडत नाही. तो दोन्हींत सारखाच मऊ पडणार.

मग फरक कशाने पडतो? एका वेळी किती फ्लेक्स दुधाखाली आहेत आणि किती वेळ आहेत, याने. सगळं दूध एकदम ओतून चमच्याने ढवळलं की वाडग्यातल्या प्रत्येक फ्लेकचं घड्याळ एकाच क्षणी सुरू होतं. तुम्हाला खायला आठ मिनिटं लागत असतील आणि फ्लेक्स तीन मिनिटं टिकणारे असतील, तर पुढची पाच मिनिटं तुम्ही भिजलेलंच खाणार. दूध अर्धवट घातलं आणि वरचा ढीग कोरडा ठेवला तर त्या कोरड्या थराचं घड्याळ तुम्ही त्याला चमच्याने खाली ओढाल तेव्हा सुरू होतं. म्हणून दोन खेपा. पहिल्या खेपेला साधारण दोन तृतीयांश, म्हणजे 80 मिलीच्या आसपास, आणि निम्मं खाऊन झालं की उरलेलं. ढवळायचं नाही. कडेने चमचा घालून खालचं दूध आणि वरचे फ्लेक्स एकत्र उचलायचे.

ओतायचंही कडेनेच. ढिगाच्या मधोमध धार सोडली की वरचा थर आधी भिजतो, जो कोरडा ठेवायचा तोच. वाडगा किंचित तिरका धरून भिंतीवरून दूध सोडलं तर ते खालून वर चढतं.

दूध किती गार आणि किती साईचं, याचाही हातभार असतो. गार दूध हळू मुरतं, कोमट भराभर. उकळतं दूध ओतलं तर फ्लेक्स बघता बघता बसतात, तेव्हा कुरकुरीत हवं असेल तर फ्रिजमधलं दूध थेट वाडग्यात घ्या. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात फ्लेक्स थोडे जास्त टिकतात, कारण स्निग्धांशाचा पातळसा लेप फ्लेकच्या पृष्ठभागावर बसतो आणि पाण्याची वाट थोडी अडवतो. साय काढलेल्या दुधात ते लवकर मऊ पडतात, साध्या पाण्यात त्याहून लवकर. साय काढलेलं दूध वापरणाऱ्याने पहिली खेप आणखी लहान ठेवावी. साखरेचा लेप असलेलं सीरियलही सुरुवातीला टिकल्यासारखं वाटतं, पण ती साखर विरघळली की आडोसा गेला.

आता मूळ शंकेकडे येतो, की प्रत्येक सीरियलला तेच माप कसं चालेल. इथे वजन आणि आकारमान यांची गल्लत होते. अमेरिकेतल्या लेबलच्या नियमांत सीरियलचे वजनाप्रमाणे तीन गट आहेत. एक कप भरल्यावर 20 ग्रॅमपेक्षा कमी भरतं ते फुगवलेलं सीरियल, त्याची एक वाढणी 15 ग्रॅम धरतात. कपाला 20 ते 43 ग्रॅम भरतं ते मधलं, त्याची वाढणी 40 ग्रॅम. त्याहून जड, म्हणजे म्युसली, ग्रॅनोला आणि दाबून केलेल्या गव्हाच्या विटा, यांची वाढणी 60 ग्रॅम. तिन्हींत वजन चौपट बदलतं, पण वाडग्यात दिसणारा ढीग त्या प्रमाणात बदलत नाही.

म्हणून "वजनाच्या चौपट दूध" हा नियम फक्त फ्लेक्ससाठी खरा आहे. 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्स म्हणजे साधारण एक कप, त्याला 125 मिली. फुगवलेल्या तांदळाचा एक कप जेमतेम 15 ग्रॅम भरतो. चौपटीच्या हिशेबाने त्याला 60 मिली दूध येईल आणि तेवढ्यात अर्धे दाणे कोरडेच राहतील. त्यालाही लागतं अर्धा कपच, म्हणजे वजनाच्या आठपट. ग्रॅनोला 60 ग्रॅम घेतला तर चौपटीने 240 मिली होईल आणि त्याचं सूप होईल. त्यालाही 125 मिली बस होतं, म्हणजे जेमतेम दुप्पट. तिन्ही ठिकाणी फिरून आकडा अर्ध्या कपावरच येतो. पाकिटावरचं 125 मिली खरं आहे. चुकतो तो वाडग्यात पडणाऱ्या सीरियलचा अंदाज.

तो अंदाज किती चुकतो, हे एकदा स्वतः बघाच. घरात वजनकाटा असेल तर रोजच्यासारखं सीरियल वाडग्यात घ्या, मग वजन करा. ज्यांना मी हे करायला लावलं त्यांतले बहुतेक 30 ग्रॅम समजून 45 ते 60 घेत होते. साहजिक आहे, रिकामा वाडगा दिसला की हात तो भरेपर्यंत थांबत नाही. आणि 60 ग्रॅम फ्लेक्सवर 125 मिली दूध घातलं की ते कमी पडणारच. मग आणखी ओता, मग लगदा, मग उरलेलं दूध संपवायला आणखी फ्लेक्स. भूक जास्त असेल तर मोठा वाडगा एकदम भरू नका. 30 ग्रॅमची एक वाढणी संपवा आणि दुसरी नव्याने घ्या. दुसऱ्या वाढणीचा पहिला चमचाही तितकाच कुरकुरीत लागतो.

वाडग्याचा आकार डोळ्याला फार फसवतो. 10 सेंटीमीटर व्यासाचा उभा वाडगा घ्या आणि 14 सेंटीमीटर व्यासाचा पसरट घ्या. दोन्ही रिकामे असताना 125 मिली दूध घातलं तर पहिल्यात ते दीड सेंटीमीटरच्या वर चढतं, दुसऱ्यात जेमतेम 8 मिलिमीटर दिसतं. डोळा खोली बघतो, पसारा बघत नाही. त्यामुळे पसरट वाडग्यात दूध नेहमी कमी वाटतं आणि हात आणखी ओततो. तिथे एक सेंटीमीटर जास्त म्हणजे दीडशे मिली जास्त! रोजचा वाडगा एकच ठेवा, त्यात एकदा मापाने 125 मिली पाणी ओता आणि पातळी कुठे येते ते नीट बघून घ्या. नक्षीची रेघ, रंगाचा पट्टा, काही ना काही खूण सापडतेच.

सुरुवातीला सांगितलेली कडेची खूण याच कारणाने मला जास्त भरवशाची वाटते, ती वाडग्याच्या आकारावर अवलंबून नाही. फ्लेक्स कोरडे असताना ढीग तळावर टेकलेला असतो. दूध खालून वर भरत जातं आणि एका क्षणी ढिगाला उचलायला लागतं. मधला भाग वजनाने बसलेला असतो, कडेचे दोनचार फ्लेक्स सुटे असतात, ते आधी तरंगतात आणि किंचित सरकतात. आधी एक, मग त्याच्या शेजारचा. तिथे थांबलात तर तळाचं सगळं भिजलेलं आणि वरचं कोरडं, अशी नेमकी हवी ती स्थिती मिळते. पुढे ओतत राहिलात तर अख्खा ढीग वर उचलला जाऊन फिरायला लागतो, म्हणजे दूध जास्त झालं.

ही खूण फुगवलेल्या दाण्यांना मात्र लागू पडत नाही. ते इतके हलके असतात की चार चमचे दुधावरही सगळे तरंगतात आणि पृष्ठभाग झाकून टाकतात. खाली दूध किती आहे ते दिसत नाही. त्यांच्यासाठी मापाचा कपच वापरा. फुगवलेल्या तांदळाचा जो तडतड आवाज येतो तोही दूध मुरण्याचाच आवाज आहे. दाण्याच्या आतल्या पोकळ्यांच्या भिंती फार पातळ आणि ताणलेल्या असतात, दूध आत शिरलं की त्या एकेक करून तडकतात. आवाज थांबला की समजायचं, दूध आतपर्यंत पोचलं. ओट्सच्या गोल कड्यांची आणखी एक गंमत आहे. त्या वाडग्याच्या कडेला आणि एकमेकींना जाऊन चिकटतात, मध्ये दूध उघडं पडतं. प्रत्येक कडीभोवती दुधाचा पृष्ठभाग किंचित वळलेला असतो आणि शेजारची कडी त्या वळणावरून तिच्याकडे सरकते. चिरिओज या कड्यांच्या सीरियलवरून भौतिकशास्त्रात याला 'चिरिओज परिणाम' असं नावच पडलं आहे, 2005 मध्ये डॉमिनिक वेला आणि एल. महादेवन यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्यापुरता अर्थ एवढाच की मध्ये दूध दिसतंय म्हणून ते पुरेसं आहे असं समजू नका.

दाबून केलेल्या गव्हाच्या विटांची तऱ्हा वेगळी आहे. त्या दूध टिपकागदासारखं ओढून घेतात आणि काही क्षणांत आतपर्यंत भिजतात. वाडग्यात एका वेळी एकच वीट ठेवा, दूध तिच्या डोक्यावर न ओतता बाजूला ओता, ती संपली की दुसरी. कोंड्याचं सीरियलही दूध भरपूर पितं, कारण तंतुमय भाग पाणी धरून ठेवतो. त्याला दीडशे मिलीपर्यंत लागलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"आधी दूध की आधी सीरियल" हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण हळू खाणाऱ्यासाठी माझं उत्तर आधी दूध असंच आहे. वाडग्यात 125 मिली दूध घ्या, सीरियल बाजूला एका वाटीत ठेवा आणि मूठमूठ घालत खा. दूध नेमकं मोजलेलं राहतं आणि कुठलाच फ्लेक मिनिटभरापेक्षा जास्त भिजत नाही. भराभर खाणाऱ्याला ही उठाठेव करायची गरज नाही. त्याच्या वाडग्यातले फ्लेक्स मऊ पडायच्या आत संपलेले असतात.

आणि मऊच आवडत असेल तर? तर मऊ खा. ही मी सवलत देतोय असं समजू नका. सीरियलची सुरुवातच भिजवण्यापासून झाली. 1863 मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी 'ग्रॅन्युला' नावाचं पहिलं तयार सीरियल केलं. ते इतकं कडक होतं की रात्रभर भिजवल्याशिवाय खाताच यायचं नाही. तिथल्याच बॅटल क्रीक गावच्या केलॉग बंधूंना 1894 मध्ये शिळ्या झालेल्या शिजवलेल्या गव्हातून पातळ फ्लेक्स मिळाले आणि ते भाजल्यावर थेट दुधात घालून खाण्यासारखे झाले. 'दूध किती आणि किती वेळ' हा प्रश्न खरा तिथून सुरू झाला. त्याच सुमारास, 1900 च्या आसपास, स्वित्झर्लंडमध्ये डॉ. बर्चर-बेनर आपल्या रुग्णांना म्युसली देत होते. ओट्स पाण्यात रात्रभर भिजवलेले, वर किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस आणि थोडं आटीव दूध. त्यात कुरकुरीत काहीच नव्हतं आणि तसं ते असायलाही नको होतं.

आमच्या बाबांना कवळी बसवल्यावर कुरकुरीत काही चावायचं म्हणजे त्रास व्हायचा. मी इतकी वर्षं बाउल लाइफ वाढवण्यात घालवलेला माणूस, पण त्यांच्या वाडग्यात सगळं दूध एकदम ओतून पाच मिनिटं झाकून ठेवायचो. चिवट टप्पा पार होऊन फ्लेक्स पूर्ण मऊ झाले की मग हाक मारायची. तीन मिनिटांनी दिलं तर ते तोंडात घोळवत बसायचे, पाच मिनिटांनी आवडीने खायचे. मऊ करायचं तर पूर्ण मऊ करा, अर्धवट सोडू नका. कोमट दूध घेतलंत तर वेळ आणखी वाचतो.

म्युसली भिजवून खायची असेल तर अर्धा कप म्युसली, अर्धा कप दूध आणि निदान दहा मिनिटं. ओट्स रात्रभर भिजवायचे तर 40 ग्रॅमला 125 मिली घातलं की सकाळी घट्ट होतात, चमच्यातून न पडणारे. पातळ आवडत असतील तर 160 मिलीपर्यंत जा. पोह्यांसारखे चपटे केलेले ओट्स वाफवूनच दाबलेले असतात, त्यामुळे ते गार दुधातही भिजतात. रात्री भांडं फ्रिजमध्येच ठेवा, ओट्यावर नको. दूध घातलेला पदार्थ बाहेर दोन तासांवर राहिला तर तो खाऊ नये. आणि भिजवण्याच्या दुधात सुकामेवा असेल तर तोही दूध पितो, तेव्हा मनुका किंवा जर्दाळू मूठभर घातले तर दोन चमचे दूध वाढवा.

दूध किती घालावं याला पोषणाची बाजूही आहे आणि ती मला दाताखालच्या आवाजाइतकीच महत्त्वाची वाटते. 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये प्रथिनं असतात जेमतेम 2 ग्रॅम. 125 मिली दुधात साधारण 4 ग्रॅम. म्हणजे वाडग्यातली दोन तृतीयांश प्रथिनं दुधातून येतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन, म्हणजे शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल, कमी असतं, मक्यात तर विशेष कमी, आणि भाजताना त्यातलं आणखी थोडं वाया जातं. फ्लेक्सला जो खरपूस रंग येतो त्याच प्रक्रियेत ते खर्ची पडतं. दुधात लायसिन भरपूर असतं. शिवाय त्या अर्ध्या कपात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यामुळे फक्त कुरकुरीत राहावं म्हणून दूध चारपाच चमच्यांवर आणणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, खेपा वाढवा, दूध कमी करू नका.

दुधातल्या साखरेने, म्हणजे लॅक्टोजने, ज्यांना पोटाचा त्रास होतो त्यांनाही अर्धा कप बऱ्याचदा चालतो. 125 मिलीत लॅक्टोज साधारण 6 ग्रॅम असतं आणि त्रास असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. त्यातही सीरियलबरोबर पोटात गेलेलं दूध नुसत्या दुधापेक्षा सोसतं. दुधाची ॲलर्जी ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिथे थेंबभरही नको. वनस्पतीजन्य दूध घेत असाल तर माप तेच, पण सोया दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात आणि बदामाच्या दुधात फारच थोडी, हे लक्षात घेऊन ती दुसरीकडून भरून काढा. अशा दुधात वरून घातलेलं कॅल्शियम तळाला बसतं, म्हणून डबा आधी नीट हलवा.

लहान मुलांना माप निम्मं करा, प्रमाण तेच ठेवा. 15 ते 20 ग्रॅम फ्लेक्सला 60 ते 80 मिली, आणि पूर्ण मऊ करून. अख्खा सुकामेवा असलेली म्युसली पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, घशात अडकते.

राहिला शेवटचा भाग, वाडग्यात उरणारं दूध. ते टाकू नका, प्या. सीरियलमध्ये वरून घातलेली ब गटातली जीवनसत्त्वं बहुधा भाजून झाल्यावर फ्लेक्सवर फवारलेली असतात आणि ती पाण्यात विरघळणारी आहेत. फ्लेक्स दुधात पडल्यापासून ती दुधात उतरायला लागतात, त्यामुळे उरलेलं दूध मोरीत ओतलं की त्यांचा काही भागही गेला. लोहाचं तसं नाही. बऱ्याच सीरियलमध्ये ते धातूच्या अगदी बारीक भुकटीच्या रूपात असतं. फ्लेक्स चुरून पाण्यात कालवले आणि त्यात जोरदार चुंबक फिरवला तर त्याला राखाडी कण चिकटलेले दिसतात. हे लोह दुधात विरघळत नाही, आणि दुधातलं कॅल्शियम त्याच्या शोषणाला थोडं अडवतं. सोबत संत्र्यासारखं क जीवनसत्त्वाचं फळ खाल्लं तर त्याची भरपाई होते.

साखरेच्या लेपाचं सीरियल असेल तर उरलेल्या दुधात ती साखरही असते. अशा सीरियलमध्ये 100 ग्रॅमला 35 ग्रॅमच्या आसपास साखर असणं सर्रास आढळतं, म्हणजे एका वाढणीत 10 ग्रॅम. मधुमेह असेल तर तळाचा तो गोड घोट हिशेबात धरा, किंवा मुळात बिनसाखरेचं सीरियल घ्या आणि दूध निश्चिंतपणे संपवा.

रोज दोनतीन चमच्यांपेक्षा जास्त दूध उरत असेल तर पहिली खेप 80 वरून 60 मिलीवर आणा आणि दुसरी खेप लागेल तेवढीच घाला. आठवडाभर असं करून बघा. चौथ्यापाचव्या दिवशी कप बाजूला ठेवला तरी तुमचा हात कडेचा पहिला फ्लेक हलताना आपोआप थांबायला लागेल.